इष्टारगेज म्हंजे काय, दादा?

साखरखेर्डा,
ता. ९ ऑगस्ट १९६४

गुलाबदादाले अन्नपूर्णाचा सप्रेम जयभीम.

आमी इकडे सारे खुशाल हावोत. तू अन वच्छलावयनी बी खुशाल असान. पानी बरं झालं. वांग्याले फुलं धरली, मिरची मातर पिवळी पडून राह्यली. सासूबाईचे गुडघे दुखतेत, पन तोंड चालू हाय, म्हंजे तब्येत चांगली हाय असंच समज.

पत्र लिवाचं कारन असं, का मले एक इंग्रजी शब्द अडला. इथं ज्याईले इंग्रजी येते त्याईले विचारावं वाटत नाई, अन ज्याईले विचारावं वाटते त्याईले येत नाई. शब्द हाय 'इष्टारगेज'. एकाच्या तोंडातून दुसऱ्याच्या कानात, अन तिथून माह्या कानात आला, तवा वाटंनं काही सांडलं असंन त तू भरून घे. तू कालेजात इंग्रजी शिकवतो, तुले ठाऊक असंन.

इष्टार म्हंजे सिनेमातले नट, असं इथं एक जन म्हंते. तसं असंन त तसं लिव. माह्यासाठी गोड करून लिवू नको.

काऊन विचारून राह्यली ते विचारू नको. सहज. मंजुळा मजेत हाय.

तुही बहीन,
अन्नपूर्णा


औरंगाबाद,
१७ ऑगस्ट १९६४

चि. अन्नपूर्णा,
सप्रेम जयभीम आणि आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आणि मी वच्छलाला स्वयंपाकघरातून बाहेर बोलावून सांगितलं, "आमची पूर्णा इंग्रजी शिकायला लागली!" चौथीनंतर तुझी शाळा सुटली तेव्हा मी काही करू शकलो नाही, ते अजून मनात आहे. आता शीक. मंजुळाच्याच पुस्तकातून शीक. मायलेकी एकमेकींचे धडे घ्या.

तुझा शब्द वाटेत फारसा सांडलेला नाही. तो आहे 'स्टारगेझ'. स्टार म्हणजे तारा, गेझ म्हणजे टक लावून बघणं. यातल्या स्टारला तू परका समजू नकोस. आपला तारा, उर्दूतला सितारा आणि इंग्रजांचा स्टार, तिघंही एकाच जुन्या घराण्यातले. हजारो वर्षांपूर्वी वेगळे निघाले आणि एकमेकांना विसरले. गेझचं मूळ मात्र कुणाला नक्की सांगता येत नाही. युरोपात उत्तरेकडच्या कुठल्याशा बोलीत आ वासून बघण्याला असा एक शब्द होता, तिथून आला असावा म्हणतात.

आता गंमत ऐक. हे क्रियापद मागून आलं. आधी आला 'स्टारगेझर', म्हणजे तारे बघणारा माणूस. चारशे वर्षांपूर्वी तिकडे ज्योतिष सांगणाऱ्यांना तसं म्हणत, तेही जरा हिणवूनच. पुढे त्या माणसाच्या नावातून लोकांनी क्रियापद काढलं. आपल्याकडे 'राखणे' आधी आणि 'राखणदार' मागून. इथे राखणदार आधी येऊन बसला, राखणं मागाहून आलं!

मग अर्थ सरकत गेला. आकाशात तारे नसले, डोक्यावर छप्पर असलं, तरी माणूस स्टारगेझ करू शकतो. म्हणजे तंद्री लागणं, मन भलतीकडेच असणं. तू लहानपणी चुलीपुढे बसून भाकरी करपवायचीस आणि आई म्हणायची, "कुठं गेलतीस वं?" तेच हे. तुझ्या त्या 'एका जनाचं'ही अगदीच खोटं नाही. हल्ली नटनट्यांना स्टार म्हणतात आणि त्यांना बघायला धावणाऱ्यांना थट्टेनं हा शब्द लावतात. पण तो अर्थ कालपरवाचा.

बघ, एका शब्दानं माझी रविवारची सकाळ किती छान गेली. अजून अडलेले शब्द पाठव. मंजुळाला म्हणावं, मामानं विचारलंय, पाचवीचं इंग्रजी कसं चाललंय?

तुझा दादा,
गुलाब


साखरखेर्डा,
ता. २९ ऑगस्ट १९६४

गुलाबदादाले सप्रेम जयभीम.

तू एवढा हरखला ते वाचून मले रडू आलं. मी इंग्रजी नाई शिकून राह्यली, दादा. अन मंजुळाचं इंग्रजी बी बंद हाय. तिची शाळाच बंद हाय. तुह्यापासून लपवलं, आता सारं लिवते.

मंजुळाच्या बाबाले हेडमास्तरानं बोलावलं होतं. हे धुतलेलं धोतर नेसून, टोपी घालून गेले. हेडमास्तर मानूस चांगला हाय, पन इंग्रजी बोलाची त्याईले हौस. चार मास्तर बसले होते, त्याईच्यापुढं म्हने, "किसनराव, युवर डॉटर इष्टारगेजेस." मास्तर हासले. मंजुळाचे बाबा बी हासले. त्याईले वाटलं पोरीचं कौतुकच करून राह्यले. मंग एक मास्तर म्हने, "तुम्ही काय हासता? पोरीचं ध्यान नाही वर्गात." तवा त्याईले समजलं का आपन कायले हासलो.

घरी आले, टोपी खुंटीले टांगली, अन जेवले नाई.

शब्दातला इष्टार तेवढा त्याईच्या ध्यानात राह्यला. उन्हाळ्यात इथं तंबूतला सिनेमा आला होता, तवा मंजुळा शेजारच्या कलाबाईसंगं एक डाव गेली होती. म्हने, "तिथंच पोरगी बिघडली." दुसऱ्या दिवशीपासून शाळा बंद.

तुहं पत्र आलं तसं मी त्याईले वाचून दाखवलं. सिनेमाचं नाई म्हून घडीभर बरं वाटलं. मंग तंद्रीचं आलं. म्हने, "म्हंजे पोरगी येडी."

मी म्हनलं, "येडी कायले असंन हो?"

"मंग आळशी. माह्या बापाले शाळेच्या दाराशी उभं राहू देलं नाई. हिले आत बसवलं, बाकावर बसवलं, अन हे छपराकडं पाह्यते!"



त्याईची बहीन जनकाबाई देऊळघाटले असते. तिले लेकरू झालं हाय. पोळा झाला का मंजुळाले तिथं लेकरू सांभाळाले नेऊन घालतो म्हनतेत. मी नाई म्हनलं, सासूबाईनं बी नाई म्हनलं, पन त्याईचं मन उठलं हाय.

पोरगी रडत बी नाई. दप्तर बाजेखाली सरकवून देलं अन माह्यासंगं पान्याले येते. तिथं बी धड नाई. परवा उंबऱ्याले ठेचकाळली, भरला हंडा आडवा झाला. गुडघे त नेहमीच फुटलेले. खरंच तिचं ध्यान कुठं असते, दादा?

तुही,
अन्नपूर्णा


औरंगाबाद,
२ सप्टेंबर १९६४

प्रिय पूर्णा,

तुझं पत्र आजच मिळालं आणि लगेच लिहितो आहे. तू अडचणीतून विचारत होतीस आणि मी शब्दाशी खेळत बसलो. हे पत्र किसनरावांना वाचून दाखव.

किसनराव, तुम्हाला माझा जयभीम. तुमच्यावर मास्तर हसले हे वाचून मला जेवण गेलं नाही. त्या खोलीत तुमच्या जागी आमचे वडील असते तर तेही असेच हसले असते. पण एक हात जोडून विनंती आहे. पोळ्यानंतर मंजुळाला नेऊ नका. माझं पुढचं पत्र येईपर्यंत तरी थांबा. तुम्ही मला मेहुणा मानता, आजवर मी काही मागितलं नाही.

आता पूर्णा, तुला. मी वर्गात पोरांना सांगतो की कोशात एका शब्दापुढे पाच अर्थ असतात, त्यातला कुठला घ्यायचा हे बोलणाऱ्यानं काय पाहून तो शब्द वापरला त्यावर ठरतं. आणि हेच मी स्वतः विसरलो. हेडमास्तरांनी काय पाहिलं? पोरगी वर बघते, एवढंच पाहिलं. तंद्री लागली हे त्यांनी आपल्या मनानं ठरवलं, आणि मीही इथे बसून तोच अर्थ पुढे पाठवला.

दुपारी ग्रंथालयात जाऊन पुन्हा मोठा कोश काढला. या शब्दाचे आणखीही अर्थ आहेत. समुद्रात एक मासा असतो, त्याचे डोळे डोक्याच्या माथ्यावर असतात. त्यालाही स्टारगेझर म्हणतात. तो बिचारा वर बघतो कारण त्याला दुसरीकडे बघताच येत नाही. आणि घोडे पाळणारे लोक, जे घोडं मान वर करून चालतं, त्याच्याबद्दल हा शब्द वापरतात. तशा घोड्याला पायाखालची वाट दिसत नाही, ते ठेचकाळतं.

'ठेचकाळतं' हा शब्द लिहिला आणि तुझं पत्र पुन्हा काढून वाचलं.

मला काही कळलंय असं नाही. पण तू एक कर. दोन-चार दिवस नुसती तिच्याकडे बघ. रागावू नकोस, टोकू नकोस. ती वर कधी बघते, काय करताना बघते, ते मला लिही.

दादा


साखरखेर्डा,
ता. ११ सप्टेंबर १९६४

गुलाबदादाले जयभीम.

पोळ्याले मंजुळा घरीच होती. तुहं पत्र ह्याईले रातीच वाचून दाखवलं. सकाळी हे एवढंच म्हने, "मेहुन्यानं हात जोडले त थांबतो."

मी पोरीकडं पाह्यलं, दादा. जल्मल्यापासून पाहून राह्यली होती, पन असं कधी पाह्यलं नव्हतं.

ती तारे पाहत नाई. छप्पर बी पाहत नाई. दाने निवडाले बसवली त हनुवटी वर. माह्यासंगं बोलली त हनुवटी वर. समोरचं काही बी पाहाचं असलं का आधी हनुवटी वर करते, अन मंग नाकाच्या शेंड्यावरून पाह्यल्यावानी पाह्यते. मास्तराले वाटत असंन छपराकडं पाह्यते, ती त फळ्याकडंच पाहत असंन! मी म्हनलं, "मंजुळा, मान सरळ कर." तिनं केली. "आता मी दिसते का?" त म्हने, "तुहे पाय दिसतेत, आई."

तिच्या पापन्या जड हायेत हे आमाले ठाऊकच होतं. अर्धे डोळे झाकलेले. पन सासूबाईचे डोळे बी तसेच. सारे म्हनत, पोरगी आजीवर गेली, या घरान्याचे डोळेच झोपाळू. कोनाले त्यात काही वाटलं नाई, मले बी नाई.

मंग मी तिच्यापुढं बसली, अन दोन्ही अंगठ्यानं तिच्या पापन्या हळूच वर केल्या. मान सरळच होती. ती उगी राह्यली. मंग म्हने, "आई, तू अशी पुरी दिसते?"



सासूबाई बाजेवरून सारं पाहून राह्यल्या होत्या. म्हने, "मह्या बी कर वं." मी त्याईच्या पापन्या वर केल्या. त्याईनं इकडं पाह्यलं, तिकडं पाह्यलं, अन मंग मंजुळाच्या बाबाकडं पाह्यलं. हे दारात उभे होते.

सासूबाई म्हने, "किसना, तुले ठाऊक हाय ना, मले गावात काय म्हनत?"

हे म्हने, "माजोरी तानी."

"हाव. पाटलाच्या वाड्यापुढून जातानी आपल्या लोकायले मान खाली घालावी लागे. मी खाली घातली का मले वाटच दिसे ना. वर केली का म्हनत, हिले लय माज चढला. एक डाव काठी मारली पाठीत, तुही बहीन पोटात होती तवा. तुह्या बापानं बी विचारलं, तू काऊन मान वर करतं? मी म्हनलं, मले समजत नाई, होते वर. मलेच ठाऊक नव्हतं रे. आज समजलं."

अन मंग मंजुळाकडं बोट करून म्हने, "हिले बी त्याच पायी हाकलतं का आता?"

हे बाहीर निंघून गेले. मले वाटलं रागावले. पाह्यलं त गोठ्यात बैलाच्या पाठीवर हात ठेवून उभे होते. दिवेलागनीले आत आले अन मले म्हने, "मेहुन्याले लिव. याच्यावर इलाज असते का म्हून विचार. किसनरावनं विचारलं असं लिव."

म्हून लिवते. इलाज असते का, दादा?

अन्नपूर्णा


औरंगाबाद,
१६ सप्टेंबर १९६४

प्रिय पूर्णा,

असतो. इथल्या मोठ्या सरकारी दवाखान्यातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांना भेटून आलो. तुझं पत्रच त्यांना वाचून दाखवलं. अंगठ्यानं पापण्या उचलल्या तिथपर्यंत आलो तेव्हा ते म्हणाले, "पुरे, माझ्या लक्षात आलं." पापणी उचलणारा स्नायू जन्मापासून दुबळा असतो. घराण्यात चालत येतो. डोळा चांगला असेल तर शस्त्रक्रियेनं पापणी वर बांधता येते. बघितल्याशिवाय वचन देत नाही म्हणाले, पण घेऊन या म्हणाले.

दिवाळीची वाट बघू नका. जालन्यापर्यंत एस.टी., पुढे रेल्वे, मी स्टेशनवर येतो. तुझ्या सासूबाईंना, तानाबाईंनाही आणा. वच्छलानं आत्ताच गाद्या उन्हात टाकल्या आहेत.

आणि पूर्णा, मी इतकी वर्षं शब्दांचे अर्थ सांगतो, पण तुझ्यासारखं बघणं मला जमलं नसतं.

दादा


औरंगाबाद,
२१ ऑक्टोबर १९६४

प्रिय पूर्णा,

शेतात कापूस होता, सासूबाईंना एकटं सोडता येत नव्हतं, म्हणून तू आली नाहीस. पण तुझा जीव इथेच टांगलेला असेल, म्हणून आधी मुख्य बातमी. मंजुळा बरी आहे. दोन्ही डोळ्यांचं झालं. काल पट्ट्या सोडल्या.

डॉक्टरांनी तिच्या मांडीतून आतल्या पातळ पडद्याची एक बारीक फीत काढून पापण्या कपाळाच्या स्नायूला जोडल्या आहेत. आता भुवई उचलली की पापणी वर येते. सूज आहे, डोळे लाल आहेत, पण उघडे आहेत, पूर्णा! पट्टी काढली तेव्हा सवयीनं तिनं हनुवटी वर केली, मग तिची तिलाच गंमत वाटली आणि तिनं मान खाली आणली. पुढ्यात किसनराव होते. त्यांच्याकडे कितीतरी वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "बाबा, तुमच्या मिशीत पांढरे केस हायेत."

किसनराव बाहेर व्हरांड्यात गेले आणि बराच वेळ आत आले नाहीत.

ते तिच्याजवळून हलत नाहीत. रात्री बाकावर निजतात. मी घरी चला म्हटलं तर म्हणतात, "पोरगी जागी झाली अन मी नसलो त?" नर्सबाई बनाबाई त्यांना डोळ्यांत मलम कसं घालायचं ते शिकवते आहे. ते तुम्हाला घरीही घालावं लागेल. कारण एक गोष्ट डॉक्टरांनी नीट समजावून सांगितली आहे आणि तुला आधी सांगितलेली बरी: निदान काही महिने झोपेत तिच्या पापण्या पूर्ण मिटणार नाहीत. ती गाढ झोपली तरी डोळे थोडे उघडे दिसतील. घाबरायचं नाही. डोळा कोरडा पडू नये म्हणून मलम.

आज किसनरावांनी मला विचारलं, "मेहुने, तो शब्द बरोबर कसा म्हनतेत?" मी सांगितला. त्यांनी माझ्याकडून चार वेळा म्हणवून घेतला. कशाला, ते सांगितलं नाही.

दादा


साखरखेर्डा,
ता. २३ नोव्हेंबर १९६४

गुलाबदादाले, वच्छलावयनीले अन्नपूर्णाचा सप्रेम जयभीम.

मंजुळा मागच्या सोमवारपासून शाळेत जाऊन राह्यली. वयनीनं शिवून देलेलं झंपर घालून गेली. सासूबाईले इलाजाचं पुन्हा विचारलं, त म्हने, "मले मान वर कराची सवय झाली, ती मी आता काऊन मोडू? आता कोनी काठी त मारत नाई." त्याईचं त्याईले ठाऊक.

पह्यल्या दिवशी हे सोता तिले घेऊन गेले. मंजुळानं आल्यावर मले सारं सांगतलं. मास्तर बसलेच होते. हे हेडमास्तराले म्हने, "सायब, माही पोरगी स्टारगेझ नव्हती करत." एकदम साफ म्हनले म्हने, तू शिकवला तसं. "तिच्या पापन्या पडेल होत्या. ती तुमच्या फळ्याकडंच पाह्यत होती."

हेडमास्तर खुर्चीवरून उठले. तिच्याजवळ आले, तिचे डोळे पाह्यले, कपाळावरचे टाके पाह्यले. मंग ह्याईले म्हने, "किसनराव, मी विचारायला पाहिजे होतं. विचारलं नाही." सारं मराठीत बोलले. तिले पुढच्या बाकावर बसवलं, अन बुडालेला अभ्यास शाळा सुटल्यावर मी सोता घेईन म्हनले. घेऊन बी राह्यले.

तू झोपेतल्या डोळ्याचं आधीच लिवलं ते बरं केलं. तरी पह्यल्या दिवशी मी दचकलीच. कलाबाई त पाहून पळाली. पन ह्याईले काही वाटत नाई. मलम हेच घालतेत. मले हात लावू देत नाई, म्हनतेत तुह्या बोटाले मिरची लागेल असते.

काल इतवार होता. दुपारी मंजुळा जेवून बाजेवर पडली. मी अंगनात ज्वारी पाखडून राह्यली होती. हे मलमाची नळी घेऊन तिच्या उशाशी जाऊन बसले. डोळे अर्धे उघडे. मले बाहीरून ह्याईचा आवाज आला, तिच्यासंगं बोलून राह्यले होते. एवढं ते कोनासंगं बोलत नाई, म्हून मी सूप ठेवलं अन दाराशी आली.

म्हनत होते, "त्या दिशी मास्तर हासले, अन मी बी हासलो. तुह्यावर हासलो मी. मले समजलं नव्हतं वं माय. समजल्यावर तुले घरी बसवलं. तुहं काय चुकलं होतं? तुहं काही चुकलं नव्हतं. देऊळघाटले घालत होतो तुले, अन तू एक शब्द बोलली नाई. बोलाचं होतं ना मले."

 मंजुळाचा दम सावकाश चालू होता. मले राहवलं नाई, मी हळूच म्हनलं, "आवो, ती झोपली हाय. डोळे उघडे दिसतेत तेवढंच."

त्याईनं माह्याकडं पाह्यलं बी नाई. नळीचं टोपन काढत म्हने, "मले ठाऊक हाय. झोपली हाय म्हूनच त बोललो."

तुही,
अन्नपूर्णा